होडीच्या मांगरातली पिकअप

“परत डोळे इले,” इनास म्हणाला आणि त्याने स्प्रेगन खाली ठेवली.

मी बॉनेटवर वाकलो. पांढरा रंग मारल्या मारल्या सुरेख दिसला होता. मग आमच्यासमोरच तो जागोजागी मागे सरकायला लागला, तेलकट तव्यावरचं पाणी सरकतं तसा. मसुराएवढे गोल गोल खड्डे पडले आणि प्रत्येकाच्या तळाशी खालचा राखाडी थर दिसू लागला. पेंटर लोक याला डोळे म्हणतात. बॉनेटवर थोडे होते, पण दारांच्या खालच्या अंगाला आणि चाकांवरच्या कमानींना तर नुसता सडा पडला होता. असल्या शंभर डोळ्यांनी आपलीच गाडी आपल्याकडे टकामका बघायला लागली की माणसाचं डोकं फिरतं. माझं फिरलं.

“शिरा पडो ह्या रंगार,” मी म्हणालो.

“रंगाक कित्याक शिव्या घालतस? रंग बेस आसा. खाली कायतरी तेलकट आसा. तू काय लावलंस ता सांग.”

“काय एक लावूक नाय.”

“मगे माजा तोंड बघून डोळे इले?”

इनास फर्नांडिस मालवणातला गाड्यांचा पेंटर. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस तोंडावर आला की सगळ्या ड्रायव्हरांना एकदम गंज आठवतो, त्यामुळे एकाही गॅरेजात माझ्या पिकअपला जागा नव्हती. इनासच्या हातापाया पडून मी त्याला कॉम्प्रेसरसकट आमच्या वाडीत आणला होता. जागा होती आमच्या होडीच्या मांगरात. मांगर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली लांबलचक शेड, पावसाळ्यात होडी ठेवण्यासाठी आजोबांनी बांधलेली. होडी नव्हती, मांगर होता.

होडी का नव्हती, तर ती मी विकायला लावली. बाबा, म्हणजे भिवा कुबल, जन्मभर तांडेल, होडीचे म्होरके. मोठे ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी आटली, डिझेल जाळून बाबा रिकामे परत यायला लागले. मी हट्ट धरला की होडी काढू आणि गाडी घेऊ, मासळी वाहू, बर्फ वाहू, मिळेल ते वाहू. बाबांनी वाद घातला नाही. गिऱ्हाईक आलं त्या दिवशी ते मांगराच्या दाराशी उभे राहिले, होडी पाण्यात ढकलताना स्वतः खांदा लावला आणि घरात येऊन झोपले. गाडी आली तेव्हा आईने तिला कुंकू लावलं. बाबा ओटीवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होते. गाडीला त्यांनी नाव ठेवलं ‘दिगूचो डबो’. दिगू म्हणजे मी.

चार वर्षं झाली तरी ते त्या डब्यात एकदाही बसले नाहीत. मालवणला दवाखान्यात जायचं असलं तरी एसटीची वाट बघत उभे राहायचे आणि मी बाजूने गाडी घेऊन गेलो तर समुद्राकडे तोंड करायचे. मला त्याचा इतका राग यायचा की मी मुद्दाम हॉर्न वाजवायचो.

आता गाडी गोरी करायची घाई का, तेही सांगतो. कुडाळकडच्या एका आइस्क्रीम कारखान्याला आमच्या किनारपट्टीवर माल पोचवायला गाडी हवी होती. बारा महिने काम. मासळीचं काम पावसाळ्यात बंद पडतं आणि गाडी माझ्यासारखीच घरात बसून राहते, म्हणून हे काम मिळालं तर मी तरलो असतो. नाही मिळालं तर मस्कतला जायचं. मावसभाऊ विलासने तिथे माझ्यासाठी ड्रायव्हरची जागा धरून ठेवली होती आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळव, म्हणून रोज फोन करत होता. मला जायचं नव्हतं. आईला तर मस्कत हा शब्दच चालत नव्हता. ती इनासला चहा देताना म्हणायची, “इनासा, गाडी गोरी कर रे बाबा. गाडी गोरी झाली तर झील घराक रवता.” झील म्हणजे मुलगा.

कारखान्याची अट साधी होती. गाडी पांढरी हवी, गंज दिसता कामा नये, आणि बंपर, आरशांची घरं, दारांवरच्या पट्ट्या असलं काळं प्लास्टिक काळंच दिसलं पाहिजे. माझ्या गाडीचं उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने राखेसारखं झालं होतं. मासळीच्या खोक्यांतून गळणाऱ्या पाण्याने मागच्या हौद्याच्या कडा खाल्ल्या होत्या. अधिकारी शनिवारी गाडी बघायला येणार होता. म्हणून मी महिनाभर आधीच मासळी वाहणं बंद केलं, हौदा साबणाने, सोड्याने, लिंबाने घासला, आणि सगळी गाडी पॉलिश पेपरने घासून घासून माझ्या बोटांचे ठसेसुद्धा गेले.

सुरुवातीला मी बाबांनाही म्हटलं होतं, “बाबा, वायच पाणी मारतास? मी घासतंय.”

ते मांगराच्या मेढीला टेकून विडी ओढत होते. समोर सगळ्या किनाऱ्यावर लोक होड्या वर ओढून त्यांना तेल लावत होते. पाऊस सुरू व्हायच्या आधी मुशी माशाचं तेल होडीच्या लाकडाला चोळायचं, म्हणजे चार महिने लाकूड फुगत नाही, खिळा गंजत नाही. आमच्या वाडीत त्याची रीतच आहे. आधी नारळ फोडायचा, मग तेलाला हात लावायचा. आणि तेल फक्त आपल्याच होडीला लावायचं. सख्खे भाऊ वेगळे झाले की एकमेकांच्या होडीला तेल लावणं बंद होतं, एवढं ते काटेकोर.

“दुसऱ्याच्या होडीक मी हात लावनंय नाय,” बाबा म्हणाले आणि विडी विझवून निघून गेले.

तेव्हापासून मी त्यांना काही विचारलं नाही.

तर डोळे. पहिल्या खेपेला डोळे आले तेव्हा इनासने कॉम्प्रेसरला दोष दिला. त्याच्या हवेबरोबर तेल येत असेल म्हणून कॉम्प्रेसर खोलला, धुतला, वाळवला. आम्ही ओला रंग पुसून काढला, पुन्हा घासला, पुन्हा थिनरच्या फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवून आलो आणि पुन्हा मारला, तर पुन्हा डोळे. मग इनासने थिनर बदललं. मी मोटरसायकलने मालवणला जाऊन नवा डबा आणला. पुन्हा तेच.

“शेजारी मासळी तळतत काय?” इनासने विचारलं.

“रे, हय मासळी तळणत नाय असो एक दिस दाखव.”

“तेचोच धूर बसत असतलो.”

मग आम्ही शेजारच्या सुलोचनाकाकीला सांगायला गेलो की दोन दिवस बांगडे तळू नका. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मगे काय उकडून खातंव? तुमच्या गाडीक बाळंतपणाचा पथ्य आसा काय?” इनासच हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी आमच्या मांगराच्या बाजूने जुनं शीड बांधून आडोसा केला. तिने बांगडे तळले ते तळलेच.

एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. काळं प्लास्टिक सुधारत होतं. मी दुकानातून एक पॉलिश आणून बंपरला चोळलं होतं, त्याचा पहिल्या दिवशी काही उपयोग दिसला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी बंपर काळा झाला, तिसऱ्या दिवशी आरशांची घरं काळीभोर झाली, अगदी नवी गाडी शोरूममधून आणल्यासारखी. मी इनासला दाखवलं.

“बघ. ह्या पॉलिशाक मानूक व्हया. मुरता हळूहळू.”

इनासने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. “पॉलिश? मेल्या, तूच म्हटलंस मा काय एक लावूक नाय?”

“ता प्लास्टिकाक. पत्र्याक नाय.”

“फडक्यान जाता सगळीकडे. तेचेच डोळे.”

मग दोन तास आमचं भांडण झालं. तो म्हणे तुझ्या पॉलिशने माझं नाव खराब केलं, मी म्हणे तुझ्या कॉम्प्रेसरने माझं आयुष्य खराब केलं. शेवटी तो गन उचलून निघाला, आईने त्याला सोलकढी पाजून परत बसवला. मी पॉलिशचा डबा माडाच्या मुळाशी फेकून दिला. त्या वेळी मांगराच्या मागे मला नारळाची दोन भकलं पडलेली दिसली, ताजी, खोबऱ्यासकट. कुणाची तरी पोरं खेळून गेली असतील म्हणून मी तीही लाथेने बाजूला केली. मला त्या घडीला जगातल्या प्रत्येक वस्तूला लाथ मारायची होती.

शुक्रवारी शेवटचा हात मारला. बॉनेटवरचे दोन-तीन डोळे सोडले तर बॉनेट आणि टप छान निघाले. दारांच्या खालच्या बाजूला आणि चाकांच्या कमानींना डोळे आलेच, पण चार पावलं मागे उभं राहिलं की दिसत नव्हते.

“सायबाक चार पावला मागेच उभो कर,” इनास म्हणाला आणि आपला कॉम्प्रेसर घेऊन गेला. जाताना बोट दाखवून सांगून गेला की रंग कच्चा आहे, हात लावू नको, आणि देवाचं नाव घे, तुझ्या देवाचं किंवा माझ्या, कुठलाही चालेल.

शनिवारी सकाळी कारखान्याचे घाटगे साहेब आले. कोल्हापूरकडचे, गोरेपान, इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना बरोबर चार पावलं मागे उभं केलं. आई ओटीवरून पदर सावरून बघत होती. बाबा मांगरातच एका ओंडक्यावर बसले होते. ते तिथे का आलेत याचं मला आश्चर्य वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

“रंग बरा दिलाय,” साहेब म्हणाले. “प्लास्टिक पण एकदम ओके. काय लावलंत?”

“पॉलिश,” मी म्हणालो.

साहेब गाडीभोवती फिरले. मी त्यांच्या आणि दारांच्या मध्ये राहायचा प्रयत्न करत होतो. मागे गेल्यावर ते थांबले. त्यांनी नाक मुरडलं.

“मासळी वाहता अजून?”

“नाही साहेब. महिना झाला बंद करून. हौदा बघा, आरशासारखा आहे.”

“मग हा वास कसला?”

“कसला वास?”

मी हुंगलं. मला काहीच वास येईना. मी आईकडे बघितलं. तीही ओटीवरून हुंगत होती आणि नाही म्हणून मान हलवत होती. एका बाजूला वाळत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, एका बाजूला जाळी, पुढे तेल लावलेल्या होड्या. त्या वाडीत जन्मलेल्या माणसाला आणखी कसला वास येणार? आणि इनासचं नाक थिनरने कधीच मेलं होतं.

साहेब खाली वाकले. त्यांनी चाकाच्या कमानीच्या आतून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. बोट पिवळट, चिकट झालं होतं.

“हे काय आहे?”

मी काही बोलायच्या आत बाबा उठून पुढे आले. चार वर्षांत गाडीच्या एवढ्या जवळ मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो.

“मुशीचा तेल, सायबानू,” ते म्हणाले. आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट एखादी चांगली गोष्ट कोणीतरी अखेर विचारली असा तो आवाज होता. “मीच लावलंय. आतसून, खालसून, पुढच्या काळ्या पट्टेक, सगळ्या फटींनी. आता किती पाऊस पडांदे, गंज खाऊचो नाय.”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीकडे. दारांच्या खालच्या कडा. चाकांच्या कमानी. काळाभोर बंपर. आम्ही घासून जेवायला जायचो, मालवणला थिनर आणायला जायचो, सुलोचनाकाकीशी हुज्जत घालायला जायचो, आणि तेवढ्यात म्हातारा तेलाचा डबा घेऊन यायचा. मग आम्ही यायचो आणि थिनरच्या फडक्याने ते तेल सगळ्या गाडीभर नीट पसरवायचो.

“आजोबा,” साहेब समजुतीने म्हणाले, “यातून आइस्क्रीम जायचंय. मासळीचा वास आला तर पोरं खातील का?”

“खातीत,” बाबा म्हणाले. “आमची खातत.”

साहेबांना हसू आलं, पण ते लगेच आवरलं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत धुऊन देतो, गरम पाण्याने, सोड्याने, म्हणाल त्याने. ते म्हणाले, “कुबल, माणूस म्हणून तुम्ही बरे आहात. पण हा वास फटीत शिरलेला आहे, तो धुऊन जाणारा नाही. आणि मला सोमवारी गाडी लागते. मी कणकवलीची बघतो.” त्यांनी मांगरातल्या मेढीला बोट पुसलं आणि ते गेले.

त्यांची जीप वळेपर्यंत मी थांबलो. मग सुटलो.

“कोणी सांगल्यान तुमका? कोणी सांगल्यान हात लावूक? चार वर्सा डबो डबो म्हणून तोंड फिरवलास, आणि आताच खय सुचला? माजा काम गेला, कळता तुमका? आता मी मस्कताक जातंय. बसा तेल लावीत.”

मला वाटलं होतं बाबा निदान चिडतील. ते तेलाच्या डब्यावर झाकण बसवत होते, बोटांनी चारी बाजूंनी दाबून, जसे होडीच्या वेळी बसवायचे. मग म्हणाले, “पाऊस येतलो. उघडीच ठेवतलंय काय तिका?” आणि डबा घेऊन किनाऱ्याकडे चालायला लागले.

मी फोन काढला. विलासला येतो म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. रेंज येईना म्हणून माडाखाली गेलो. आई मागोमाग आली.

“कोणाक फोन करतस?”

“विलासाक.”

“कर. पण आदी माजा आयक.” ती नारळाच्या त्या भकलांकडे बघत होती, मी लाथाडलेल्या. मुंग्या लागल्या होत्या त्यांना. “ह्यो नारळ तेनी माज्याकडसून मागून घेतल्यानी. मी म्हटलंय, कित्याक व्हयो? तर म्हणतत, तेलाक हात लावचो आसा. मी म्हटलंय, कोणाच्या होडीक? तर काय बोलाक नाय. गुपचूप हय इले आणि फोडल्यानी.”

“तू माका सांगूक नाय?”

“माका वाटला, तुका दिसला असतला. तुज्या समोरच पडलेलो मा.”

मी तिथेच खाली बसलो. फोन हातात होता. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी गहिवरून वगैरे काही आलं नाही, मला प्रचंड राग आला. गाडी आल्या दिवसापासून मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. त्यांनी बॉनेटवर एकदा हात ठेवावा, निदान बरी आहे म्हणावं. हॉर्न वाजवत होतो तोही त्याचसाठी. आणि ते त्यांनी केलं, नारळ फोडून, रीतीप्रमाणे, आपल्या होडीला करतात तसं केलं, तर ते नेमकं त्याच आठवड्यात, माझ्या कच्च्या रंगावर, माझ्या बारा महिन्यांच्या भाकरीवर. यासाठी त्यांच्यावर ओरडावं की त्यांच्या पाया पडावं हे मला कळत नव्हतं, आणि ओरडून तर माझं आधीच झालं होतं.

आईने पदराने तोंड पुसलं. “आता कर फोन,” ती म्हणाली आणि घरात गेली.

त्या दिवशी फोन लागला नाही. म्हणजे मी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगरात आलो तेव्हा गाडीचं डावीकडचं दार उघडं होतं. बाबा पुढच्या सीटवर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर तेलाचा डबा. पट्टा कसा लावतात ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून तो त्यांनी दोरखंडासारखा मुठीला गुंडाळून धरला होता.

“खय जाऊक बसलास?” मी विचारलं.

“जेटीर. पावसाआदी दोन-चार खेपो गावतीत. बाळ्या तांडेलाक मी काल सांगून इलंय, मासळी आमच्या गाडयेत घाल म्हणान.” मग म्हणाले, “वासाचा तेंका काय नाय.”

मी चावी लावली. मस्कतचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नव्हतं, डोक्यातला राग गेलेला नव्हता, आणि समोर बॉनेटवर ते दोन-तीन डोळे माझ्याकडे बघतच होते. ते आजही आहेत. पुढे दोनदा रंगाचे पैसे हातात आले, पण मी तेवढा भाग इनासला घासू दिला नाही, आणि तो अजून त्यावरून माझ्याशी भांडतो.

मी गाडी मागे घ्यायला लागलो, नेहमीसारखी, जरा रागातच. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर ठेवला, होडीच्या काठावर ठेवायचे तसा.

“बेतान घी,” ते म्हणाले. “तेल अजून सुकाक नाय.”

मी बेताने घेतली.